पेन्शन कापलेल्या दोघी

ती बाई मला ब्यांकेत एकदाच भेटली. नाव इचारायचं राह्यलंच. डोंगरावरच्या वाडीतली असावी. देवळात शिरल्यावानी तिनं चपला दाराशी काढल्या, पर चोरीला जातील म्हणून काखेत धरल्या, अन् माझ्याजवळ येऊन टेकली.

आमी दोघी निराधार पेन्शनवाल्या. मालक गेल्यापास्नं माझ्या बीपीच्या गोळ्या त्याच पैशातनं येत्यात. त्यातलंच ब्यांकेनं कापलं हुतं. मी गप बसलेले. जल्मभर तेच केलंय.

तिचंबी कापलेलं. तिनं सायबाच्या टेबलाशी जाऊन इचारलं, "का रं बाबा, कापलंस?"

"खात्यात पैसे कमी होते, मावशी. म्हणून चार्ज लागला."

"म्हंजी माझ्याकडं कमी हायेत, म्हणून माझ्याकडनंच घ्यायचं?"

सायब नुसता हसला. जेवायची येळ झालेली, त्यानं डबा उघडला. हिनं सरळ हात घालून अर्धी पोळी मोडली अन् भाजीला लावून खाया लागली.

"अहो मावशी, हे काय?"

"चार्ज. दोनच पोळ्या हायेत तुझ्या. लई कमी हायेत."

सगळी ब्यांक हसली. सायबानं अर्ज काढला. म्हणला, "पेन्शनचं खातं शून्य शिलकीचं करून देतो. कापलेलंही परत टाकायला लावतो."

तिनं अर्जावर अंगठा उठवला, "भाजीत मीठ न्हाई रं," म्हणली अन् गेली.

मग मी उठले. मी खुर्चीवर टेकायच्या आत सायबानं एका हातानं डबा झाकला अन् दुसऱ्या हातानं अर्ज माझ्यापुढं सारला.