औषधाचं नाव

वालूरच्या शिवारात फवारणीला बन्सीधरच लागायचा. पंधरा वर्षं त्याच्या पाठीवर पंप होता. औषध हातानंच ढवळायचा, नोझल तुंबलं की तोंडानं फुंकून मोकळं करायचा. निघताना पेलाभर दूध प्यायलं की विष बाधत नाही, ही त्याची पक्की समजूत. बायको सरजाबाई पाणी वाहायची आणि काम संपलं की रिकाम्या बाटल्या गोळा करून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाळायची. शेजारणीची शेळी अशीच एक बाटली चाटून मेली होती. तेव्हापासून सरजाबाईनं एकही बाटली मागे ठेवली नव्हती.

त्या दिवशी व्यंकटरावांचा कापूस छातीच्या वर गेला होता. वारा नव्हता. तीन औषधं एकाच ड्रममध्ये कालवली होती. दुपारी फवारणी संपली, सरजाबाईनं बाटल्या पेटवल्या, तोच बन्सीधर सरीत बसला.

"डोळ्यापुढं धुकं यायलंय गं."

"वय झालं आता तुमचं," ती हसून म्हणाली. मग तिला त्याच्या तोंडातून गळणारी लाळ दिसली.

परभणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, बाटली आणलीत?"

"जाळली, बाई."

"नाव तरी?"

"तीन व्हती. एक पांढरं, दुधावाणी. एकाला लसणाचा वास."

"लसणाच्या वासावरून इंजेक्शन चालू करते. पण बाकीची दोन कळायला हवीत."

व्यंकटराव फोनवर म्हणाले, "नवीन आलंय म्हणून दुकानदारानं दिलं. नाव कुणी बघितलंय?" दुकानदारानं फोन उचललाच नाही.

शेजारच्या खाटेवर रुख्मिणीचा नवरा होता, तोही फवारणीतलाच. तिनं येताना त्यानं फवारलेल्या औषधाची बाटली आणली होती.

"आठ दिवस अंगणात लोळत व्हती," ती ओशाळून म्हणाली. "सासू रोज वरडायची, उचल म्हणून. मला मेलीला कंटाळा."

तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं उठून चहा मागितला. चौथ्या दिवशी पहाटे बन्सीधर गेला.

दहावा झाल्यावर सरजाबाई एकटीच धुऱ्यावर गेली. पलीकडच्या शेतात दुसराच कुणीतरी नोझल फुंकत होता. तिनं काठीनं राख उकरली. तिन्ही बाटल्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. एकीवरही अक्षर उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी तिला वाचता येत नव्हतं.