दादा पडला ती उतरण

माझा मोठा भाऊ संक्रांतीनंतरच्या गोळीबारात गेला. त्याच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, तो सिनेमात मेला होता.

आम्ही लालबागला राहायचो. दादा गिरणीत साचेवाला होता, मागावर कापड विणायचा. अंगानं भरलेला, संध्याकाळी न चुकता तालमीत जाणारा. एका ऐतिहासिक बोलपटासाठी मावळे हवे होते, तेव्हा दादरहून एक माणूस तालमीत आला. दादा गिरणीत आपल्या जागी बदली माणूस देऊन इतर पोरांबरोबर ट्रकमधून घाटावर गेला. परत आला तो उन्हानं काळाठिक्कर पडून. त्याला उतरणीवरून गडगडत खाली यायचं काम होतं. पुन्हा वर जा, जरा नीट मर, असं सिनेमाचा साहेब सांगायचा म्हणे. आम्ही सगळे हसलो. वहिनीनं मात्र त्याच्या ताटात वाढता वाढता हात आखडला आणि असलं घरात बोलू नका म्हणाली.

सिनेमा लागला तेव्हा दादा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला तो गेला होता, आणि गोळी लागून गेला. थिएटरात गर्दी मावत नव्हती. पडद्यावर गड सर झाला की लोक उभे राहून घोषणा द्यायचे, आणि त्या घोषणा महाराजांच्या नसायच्या, आमच्या रस्त्यावरच्याच असायच्या. वहिनी एकटी कशी जाणार म्हणून मी सोबत गेले.

दादा दिसला. उतरणीवरून गडगडत आला आणि एका काळ्या खडकाला टेकून पडला, तोंड आमच्याकडे. वहिनी हलली नाही. मी तिला बाहेर नेणार होते, पण ती उठेना. मग लढाई संपली, गडाच्या दरवाज्यातून मिरवणूक निघाली, आणि तिच्यात भाला घेऊन दादा चालत होता. हसत होता. कंपनीला माणसं कमी पडली असतील, किंवा कोणाच्या लक्षात आलं नसेल. वहिनीनं माझं मनगट धरलं.

"बघ बाय," ती म्हणाली. "पडल्यावर पण चालतायत."

त्यानंतर ती पुन्हा पुन्हा जायला लागली. कधी माझ्याबरोबर, कधी शेजारणीबरोबर. मिरवणूक संपली की उठायची.

सिनेमा इतका चालला की लोक ती जागा बघायला घाटावर जाऊ लागले. आमच्या चाळीतलं एक कुटुंब रविवारी जाऊन आलं. दरवाजा अजून उभा आहे, गावकरी सगळं दाखवतात, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकल्यापासून वहिनीनं जायचं धरलं. आई मालवणची. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "गेलेल्याक हुडकूक रानात कित्याक जातंस?" वहिनीनं पिशवी भरली. आम्ही दोघी गेलो.

लोणावळ्याच्या पुढे गाडीतून उतरून एसटी, मग पायवाट. त्या दिवशी आमच्याशिवाय बघायला कोणी आलं नव्हतं. चहाच्या टपरीवरचा माणूस आमच्याबरोबर चालू लागला. महाराज कुठं उभे राहिले, घोडी कुठं बांधली, सगळं त्याला पाठ होतं. दरवाजा लांबून खरा काळा दगडी वाटला. जवळ गेलो तर बांबूवर ताणलेलं गोणपाट, त्यावर रंग. पावसानं पोपडे निघाले होते. चौकटीला कोणीतरी हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. आत गेलो तर पलीकडे नुसता माळ. वारा पडलेला होता, तरी गोणपाट मधेच फुगायचं आणि आत जायचं, निजलेल्या माणसाच्या छातीसारखं.

उतरणीच्या पायथ्याशी झोपडीत एक म्हातारी राहायची. शूटिंगच्या माणसांना तिनं भाकऱ्या भाजून घातल्या होत्या. वहिनीनं पिशवीतून दादाचा फोटो काढून तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो होय," ती म्हणाली. "ह्योच त्या खडकापाशी पडायचा. शिमग्याच्या आधी येऊन गेला की."

मी सांगितलं, आजी, तो संक्रांतीनंतर वारला. तिनं वहिनीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. घाबरली नाही, आपलं म्हणणं बदललंही नाही.

"ते तुमचं तुमी बघा," ती म्हणाली. "पानी म्याच दिलं त्येला. बाकीची कुटं हायती इचारलं, तर म्हनला, पुढं गेली. अनवानी हुता. मी म्हनलं, काटं हायती रं वाटंला."

दादाला हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा त्याचे पाय उघडे होते. चपला शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. हे मला आणि वहिनीला ठाऊक होतं, त्या डोंगरात दुसऱ्या कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

टपरीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, मनावर घेऊ नका, होळीच्या आधी कंपनीची माणसं उरलेले बांबू न्यायला आली होती, म्हातारीला सगळे सारखेच दिसतात. मला ते पटलं. आजही पटतं. पण त्या वेळी मला तिथून लवकर निघायचं होतं.

वहिनी मात्र खडकापाशी गेली. भर दुपार होती, सावलीसुद्धा कुठे नव्हती. तिनं खडकावर हात ठेवला, वर उतरणीकडे पाहिलं आणि हाक मारली.

"अहो."

घरात मारायची तशीच, फार मोठ्यानं नाही. दादाचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. समोरच्या डोंगरावरून हाक फिरून आली, पण पहिलं अक्षर वाटेतच गळालं. आलं ते फक्त "हो."

टपरीवाल्यानं मान खाली घातली. वहिनी पदर सावरून परत आली. म्हातारीनं दिलेली भाकरी तिनं एसटीत खाल्ली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कित्येक महिन्यांत तिला अशी गाढ झोप लागलेली मी पाहिली नव्हती.

त्या सिनेमाला ती परत गेली नाही. पुढे गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागली आणि आईला शेवटपर्यंत तिनंच सांभाळलं. महाराष्ट्र झाला त्या रात्री अख्ख्या लालबागला दिवे लागले होते. तिनं आमच्या दाराशी पणती ठेवली आणि पोरांनी पाय मारू नये म्हणून तिथेच जिन्याजवळ बसून राहिली. मी शेजारी बसले आणि घाटावरचं विचारलं. तिला त्या हाकेचं काय वाटलं होतं?

"मी हाक मारली, त्यांनी ओ दिली," ती म्हणाली. "तू ते डोंगराचं वगैरे काही सांगू नकोस मला."

मग ती उठली आणि पणतीत तेल घालायला आत गेली.