दहा जणांची हजेरी

माजी सैनिक संघाच्या चिटणीसाला सगळे क्लार्कसाहेब म्हणायचे. फौजेत तीस वर्षं काढली, पण बंदुकीपेक्षा टाइपरायटरच जास्त बडवला, म्हणून हे नाव. निवृत्त होऊन आले आणि महिनाभरात संघाचं चिटणीसपद गळ्यात पडलं. "तात्पुरतं बघा हो," असं म्हणाले होते लोक. त्या तात्पुरत्याला एकोणीस वर्षं झाली. घ्या!

यंदा मात्र बायकोने हात टेकले. तिचे गुडघे कामातून गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तिकडे दूरच्या शहरात लेक तळमजल्यावरची एक खोली या दोघांसाठी रिकामी ठेवून बसलेली.

"अहो, दोन वर्षं पोरगी ती खोली नुसती झाडून ठेवतेय. जायचंय की नाही ते एकदा सांगून टाका."

"जायचंय ना. पण चार्ज घ्यायला कुणीतरी नको?"

"एकोणीस वर्षांत कुणी आलं नाही. आता काय पेपरात जाहिरात देणार?"

मग क्लार्कसाहेबांनी शब्द दिला. संघाची खोली सरकारी होती आणि किमान दहा सभासद असले तरच ती संघाकडे राहायची. वर्षाच्या सुरुवातीला सभासद होते बारा. क्लार्कसाहेब म्हणाले, "दहाच्या खाली आलो की खोली जाईल, संघ बंद होईल, मी मोकळा. दुसऱ्या दिवशी सामान बांधू." बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. म्हणजे काय, आता तीन म्हातारे जायची वाट बघत बसायचं? पण शब्द देऊन झाला होता, आणि बायको असले शब्द विसरणाऱ्यांतली नव्हती.

तर असं ते वर्ष सुरू झालं.

दुसऱ्या महिन्यात रक्तदान शिबिर. मांडव घातला, खाटा आणल्या, दारावर फलक लावला. सगळ्यांत आधी सभासदच छाती पुढे काढून रांगेत उभे राहिले. डॉक्टरीण बाईंनी एकेकाचं वय विचारलं आणि एकेकाला बाजूला बसवलं. कुणी पंचाहत्तर, कुणी अठ्ठ्याहत्तर, एकजण तर ब्याऐंशी! शिबिर भरवणाऱ्यांतल्या एकाचंही रक्त चालेना. संघाचा बिगुलवाला चिडून म्हणाला, "तरुणपणी सांडलं तेव्हा नाही कुणी वय विचारलं." वास्तविक त्याचं रक्त एकदाच सांडलं होतं, तेही दाढी करताना, पण ते त्याला कोण सांगणार?

मग शाळेत व्याख्यान. पहिल्याच बाकावरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" क्लार्कसाहेब म्हणाले, "बाळ, मी रजेचे अर्ज टाइप केले." वर्ग खो खो हसला. हसू दे बापडा. ज्यांना ती रजा मिळाली, त्यांना जाऊन विचारा.

उन्हाळ्यात स्मारकाच्या दगडावरची अक्षरं रंगवायची असतात. आधी हे काम चौघं करायचे, आता एकटे क्लार्कसाहेब. छोट्या स्टुलावर बसून एकेक नाव काळं करायचं, पाठ धरली की उठायचं, पुन्हा बसायचं. चार सकाळी गेल्या. बायकोने तेल लावून पाठ चोळून दिली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच उन्हाळ्यात एक सभासद गेला. पावसात दुसरा. दोन्ही वेळा क्लार्कसाहेबांनीच झेंडा इस्त्री केला, दोन्ही वेळा बिगुलवाल्याने बिगुल तोंडाला लावून नुसते गाल फुगवले, कारण पुढचे दात पडल्यापासून सूर फोनवरून लावावे लागत. दुसऱ्या अंत्ययात्रेहून परतताना क्लार्कसाहेबांच्या मनात आलं, दहा उरले, आता एकच. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. घरी येऊन त्यांनी नुसतं पाणी पिऊन झोप काढली, जेवले नाहीत.

पुढे हयातीचे दाखले. प्रत्येक पेन्शनवाल्याने आपण जिवंत आहोत हे कचेरीत जाऊन सिद्ध करायचं. कुणाचा अंगठा यंत्राला कळेना, कुणाचे डोळे कळेनात. बाकीचे नऊ म्हातारे आणि आठ विधवा, सगळ्यांना घेऊन क्लार्कसाहेब तीन दिवस रांगेत. सतरा माणसं जिवंत असल्याचं सिद्ध करून तिसऱ्या दिवशी घरी आले, तेव्हा बायको म्हणाली, "आणि तुमचा दाखला?" तो राहिलाच होता. चौथ्या दिवशी पुन्हा रांग.

आणि मग वर्षअखेरची तपासणी.

ही तपासणी कडक झाली होती ती यांच्याच करणीने. संघाची जुनी रीत अशी, की सभेत हजेरी घेताना गेलेल्या सोबत्याचंही नाव पुकारायचं आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने "हजर" म्हणायचं. भावना चांगली, कबूल. पण एका वर्षी क्लार्कसाहेबांनी ती हजेरी जशीच्या तशी वहीत उतरवली आणि वही वर पाठवली. मेलेली सहा माणसं वर्षभर सगळ्या सभांना हजर! वरच्यांचं डोकंच फिरलं. तेव्हापासून नियम झाला, की अधिकारी स्वतः येणार, नाव पुकारणार आणि ज्याचं त्याने आपल्या तोंडाने "हजर" म्हणायचं. जो म्हणणार नाही तो धरायचा नाही.

अधिकारी बाई सकाळी अकराला आल्या. पोरसवदा, पण कामाला चोख. क्लार्कसाहेबांची बायको एकेक पायरी मोजत चहा करायला आली होती. घरी तिने दोन ट्रंका उघडून ठेवल्या होत्या. त्याचं कारणही होतं. सभासद दहा असले तरी दहावा होता एक म्हातारा हवालदार, आणि त्याला आता काहीच आठवत नव्हतं. सुनेने हात धरून आणला, खुर्चीत बसवला. सकाळपासून तो तिलाच विचारत होता, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

बाईंनी नावं घ्यायला सुरुवात केली. "हजर." "हजर." क्लार्कसाहेबही म्हणाले, "हजर." नऊ झाले. मग हवालदाराचं नाव.

हवालदार खिडकीकडे बघत होता.

बाईंनी पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्याने. सून कानाशी लागली, "मामंजी, हजर म्हणा ना." हवालदार तिच्याकडे बघून नुसता हसला.

"तिसऱ्यांदा घेते," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "नाहीतर मला नऊच लिहावे लागतील."

तिसऱ्यांदाही काही नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. क्लार्कसाहेबांनी नुसतं गप्प राहायचं होतं, बास. कुणी मेलं नव्हतं, कुणाचा दोष नव्हता, एकोणीस वर्षांचं ओझं आपसूक उतरत होतं. दाराशी बायको चहाचा ट्रे धरून उभी होती आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. क्लार्कसाहेबांनी तो पाहिला. मग त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. पिंजून गेलेला कोट, त्यावर सुनेने लावलेली पदकं, आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत ते न कळून कावराबावरा झालेला म्हातारा.

फौजेत माणसाला नंबर आधी आणि नाव नंतर. हवालदार त्यांच्याच कंपनीतला, आणि कंपनीच्या क्लार्कला सगळ्यांचे नंबर पाठ असतात, आणि ते काही मरेपर्यंत जात नाहीत.

"नंबर सदतीस बावीस चारशे एक!" क्लार्कसाहेब ओरडले. आपण ओरडलो हे त्यांना ओरडून झाल्यावर कळलं.

खुर्ची मागे पडली. हवालदार ताठ उभा होता. टाचा जुळलेल्या, हनुवटी वर.

"हजर, साहेब!"

खोलीत कल्लाच झाला. बिगुलवाल्याने टाळ्या पिटल्या, सून पदराला डोळे पुसू लागली, बाईंनी हसत हसत दहाचा आकडा लिहून सही ठोकली. खोली आणखी एक वर्ष राहिली. हवालदार मात्र उभाच होता, कारण त्याला बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी क्लार्कसाहेबांनीच जाऊन त्याला खांद्याला धरून बसवला.

बायकोने सगळ्यांना चहा दिला. शेवटचा कप नवऱ्याला दिला आणि शेजारच्या खुर्चीत दोन्ही हात टेकून सावकाश बसली.

"अगं, तोंडातून निघून गेलं," क्लार्कसाहेब हळूच म्हणाले. "रागावलीस?"

"नाही हो. रागवायला अंगात काही उरलंय का?" तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "मी उद्याच्या गाडीने जाते पोरीकडे. ते तीन मजले आता मला नाही जमायचे."

"आणि मी?"

"तुम्ही या की. दहाचे नऊ झाले की या. फक्त तो कमी झालेला तुम्ही नसाल, एवढं बघा."