विमानाच्या आवाजाला झाडाखाली जाणारा माणूस

पोलिसांना फोन मी केला होता. गावात बऱ्याच जणांना वाटतं, बाहेरच्या कुणीतरी कळवलं असेल. मालगुंडच्या पुढे आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर आहे, आणि किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावच्या समितीतही आहे. अनोळखी माणूस किंवा होडी दिसली की कळवायचं, एवढंच काम. त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

शेजारच्या वहिनींचे यजमान मुंबईत असतात. वहिनींनी मागच्या दोन खोल्या एका साताऱ्याकडच्या निवृत्त गृहस्थांना भाड्याने दिल्या. साठीचे, एकटे. नोकरी कुठली विचारलं तर "नौदलात" म्हणायचे आणि आंब्याचा विषय काढायचे. घरात गणवेशातला एक फोटो नाही. हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

रत्नागिरीहून गस्तीचं हेलिकॉप्टर आमच्यावरून जातं. आम्ही मानही वर करत नाही. हे गृहस्थ मात्र आम्हाला आवाज येण्याआधीच हातातलं काम टाकून फणसाखाली जायचे, घड्याळ बघायचे आणि ते गेलं की वहीत काहीतरी लिहायचे. मी मधल्या दगडी गडग्याआडून पाहत असे.

एकदा विचारलंच, "काय साहेब, हेलिकॉप्टरची भीती वाटते?"

"सवय आहे, मास्तर."

"कसली?"

"लपायची."

ते हसले. मला हसू आलं नाही. ते चहा आणायला आत गेले तेव्हा ओट्यावरची वही मी उघडली. 'चार दहा. दक्षिणेकडून. पन्नास सेकंद. सुटलो.' खाली दुसरी ओळ, 'वीस सेकंद. सापडलो.' चहा कसाबसा संपवला आणि घरी जाऊन फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दोन पोलीस आले, कागद पाहिले आणि अर्ध्या तासात सलाम करून गेले. पण गावाला सलाम दिसला नाही, पोलीस तेवढे दिसले. मासळीवाली त्यांच्या दाराशी थांबेना. वहिनींनी महिनाअखेर खोल्या सोडायला सांगितल्या आणि गडग्याशी येऊन मला म्हणाल्या, "आमचे हे इथे नाहीत. पोलिसांची ये-जा मला नको. चुकलं काय हो माझं, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो. ही माझी दुसरी चूक, पहिलीहून वाईट.

सामान बांधायला मदत करतो म्हणून मी गेलो. खरं तर अजून काही सापडतंय का, ते बघायचं होतं. पेटीत पुस्तकं भरताना ते आपणहून बोलले.

"पाणबुडीवर होतो मी. आमचं कामच असं, की फार बोलायची सवय राहत नाही."

"वरून विमान आलं तर काय करायचात?"

"खाली जायचं. पाण्याखाली बोट बॅटरीवर चालते. ती भरायची तर इंजिन लावावं लागतं आणि त्याला हवा लागते. त्यासाठी नळी वर काढून पृष्ठभागाजवळ चालावं लागतं, आणि विमान गाठतं ते तेव्हाच. त्याच्या रडारची चाहूल लागली की नळी आत, बोट खाली. हेलिकॉप्टरचं वेगळं. ते तारेनं यंत्र पाण्यात सोडून कानोसा घेतं. मग सगळं मंद करायचं, चमचासुद्धा पडू द्यायचा नाही. वरचं पाणी कोमट, खालचं गार. दोन्हींच्या सीमेवर आवाज वाकतो, वरच्या यंत्रापर्यंत नीट पोचत नाही. त्या गार पाण्यात जाऊन बसायचं."

"उलट मारा नाही करत?"

"काही बोटींवर विमान पाडायची क्षेपणास्त्रं असतात. पण ते सोडलं म्हणजे आपला पत्ता दिला. एक पाडाल, मागून दुसरं येईल."

वहीचं त्यांनीच सांगितलं. चाहूल लागल्यापासून हेलिकॉप्टर डोक्यावर येईपर्यंत किती वेळ मिळाला, तेवढ्यात बोट खाली गेली असती का, हे ते अजून मोजत. "म्हातारपणचा चाळा," म्हणाले. "पोलीस ती वही पाहून हसले. कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. मला आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हाही मी खरं न सांगता पुस्तकं भरत राहिलो. दोन दिवस शाळेत शिकवलेलं मलाच ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या अंगणात गेलो आणि दोघांना बोलावलं.

"फोन मी केला होता," म्हणालो. "यांची वही न विचारता वाचली. वहिनी, तुम्ही गडग्याशी येऊन बोललात तेव्हाही हे लपवलं."

"म्हणजे माझ्या दारात पोलीस तुम्ही आणलात?"

"हो."

 त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "पेट्या सोडा तुम्ही. कुठे जायचं नाही."

 मी साहेबांसमोर हात जोडले. "साहेब, तुमच्याबद्दल वाईट मी मनानेच ठरवलं आणि तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. मला माफ करा."