भूमियाने प्यायलेला तरोटा

पत्रू नैताम दारात यायच्या आधी त्याचे पोट येते, असे तो स्वतःच सांगायचा. आश्रमशाळेत वीस वर्षे स्वयंपाकी. चारशे पोरांच्या भाजीत मीठ बरोबर पडले का, हे एका चमच्यात कळत नाही, त्यासाठी वाटीभर खावे लागते, आणि वरणाची चव तर भाताशिवाय कळतच नाही, असे त्याचे शास्त्र होते. या शास्त्राने त्याला अठ्ठ्याण्णव किलोपर्यंत आणून सोडले होते.

तेवढ्याने काही बिघडले नसते, पण पत्रू गावचा भूमियाही होता. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलात चाळीस घरांचे गाव आणि गावदेवाची पूजा त्याच्या घराण्याकडे. पाऊस लागला की रानात, परसात नवी भाजी उगवते. ती आधी डोंगरीवरच्या देवाला द्यायची, मगच गावाने तोंडात घालायची. त्या सणाला पंडुम म्हणतात. तोवर उकिरड्यावर कोवळा तरोटा, म्हणजे टाकळा, कितीही माजला तरी गाव जुन्या डाळीवर दिवस काढते. नैवेद्याची टोपली घेऊन भूमियाने डोंगरी चढायची, तीही वाटेत न टेकता. मागच्या वर्षी पत्रू दोनदा टेकला. तिसऱ्यांदा टेकायच्या बेतात असताना धाकट्या भावाने, वारलूने, टोपली हातातून घेतली. कोणी काही बोलले नाही, आणि तेच पत्रूला झोंबले. यंदाही दम लागला तर टोपली कायमची वारलूकडे जाणार, हे त्याला वेगळे सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्याने मोबाईल उघडला. त्यात एक गोरीपान बाई सांगत होती की एकवीस दिवसांत शरीर आतून शुद्ध होते. सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी भुईनिंब, झोपताना हिरडा, आणि रोज गिलासभर हिरव्या पाल्याचा रस. पहिले तिन्ही पत्रूच्या घरामागेच होते. बाई ज्याला काडी काडी तोलून दाखवत होती ती गुळवेल त्याच्या कुंपणावर दोरीसारखी लोंबत होती. ते पाहून पत्रूला उगाचच आपण श्रीमंत असल्यासारखे वाटले. काढा प्यायल्यावर त्याचे तोंड इतके वाकडे झाले की शेजारचे कुत्रे उठून दूर जाऊन बसले, असे तो सांगतो. त्या कुत्र्याबद्दल आपण काही बोलू शकत नाही.

अडले ते हिरव्या पाल्यावर. पालक पोंभुर्ण्याच्या बाजारात, तोही आठवड्यातून एकदाच. तरोटा मात्र न्हाणीपासून चार पावलांवर. तीन दिवस पत्रू त्याच्याकडे पाहत राहिला. चौथ्या दिवशी त्याने मूठभर पाला खुडला, पाट्यावर वाटला, फडक्यातून पिळला आणि गिलास तोंडाला लावला. नेमकी तेव्हाच बायको मागच्या दारात आली.

"काय पिऊन राह्यले तुमी?" सुकरीने विचारले.

"औषध होय."

"हा तं तरोटा होय. अजून पंडुम नाई झाला."

"शिजवला तं भाजी. वाटून पेला तं औषध."

"असं कोनं सांगतलं?"

"भूमियानं."

"बरा भूमिया भेटला तुमाले," एवढेच म्हणून सुकरी आत गेली.

निकाल देणारा आपण आणि निकाल घेणाराही आपणच, यात किती सोय असते हे पत्रूला त्या दिवसांत कळले. रोज एक गिलास जात राहिला. वजन खरेच उतरले. शाळेतली वाटीभर चव त्याने सोडली होती, त्याचे श्रेय मात्र सगळे तरोट्याला मिळाले. विसाव्या दिवशी पहाटे तो एकटाच डोंगरी चढून आला, एकदाही न टेकता. वर पोचल्यावर त्याला रडूच आले. घरी येऊन त्याने हे कोणाला सांगितले नाही.

पंडुमाच्या सकाळी गाव डोंगरीच्या पायथ्याशी जमले. टोपली उचलायच्या आधी भूमियाने सगळ्यांना विचारायचे असते. पत्रूने खणखणीत आवाजात विचारले, "देवाच्या आंधी नवी भाजी कोनं खाल्ली काय?" ज्याने खाल्ली त्याला वर जाता येत नाही. माना हलल्या. भूमियाला कोणी विचारत नाही, तशी रीतच नाही.

मग सत्तरीतली रुखमाबाई काठी टेकत पुढे आली. "मी खाल्ली बाप्पा. आठ दिवस पोट साफ नव्हतं. तरोटा वाटून पेली, औषध म्हून."

वारलू म्हणाला, "औषध म्हून चालते काय, दादा? तूच सांग."

'चालते' हा शब्द पत्रूच्या जिभेवर तयार होता. तो म्हटला की म्हातारी सुटत होती, आणि तिच्या आडून तोही. पलीकडून सुकरी त्याच्याकडे बघत होती. पत्रूला स्वतःची लाज वाटली. ही बाई दुखण्याने कासावीस होऊन एक घोट प्यायली आणि चारचौघांत सांगून मोकळी झाली, आणि आपण मिरवायला गिलासावर गिलास रिचवले.

"बाईचं औषधच होय," तो म्हणाला. "बाई वर जाईन. पन मी बी पेलो. रोज गिलासभर. मले काई झालं नव्हतं. मले फक्त तुमच्यापुढं बारीक दिसाचं होतं."

मागून कोणीतरी फिसकन हसले आणि बघता बघता सगळा पायथा हसू लागला. वारलू तेवढा हसला नाही. पत्रूने टोपली स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवली. लोक ओळीने चढू लागले. रुखमाबाई पत्रूपाशी थांबली.

"किती उतरला रे?"

"सहा किलो, बाई."

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळले. "कुठून?" असे विचारून ती पुढे गेली.

पत्रू खो खो हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि त्यातले सगळे हसण्याचे नव्हते. यंदा तो एकदाही न टेकता चढला असता. हे एकट्या त्यालाच ठाऊक होते, आणि आता ते कोणाला सांगायचीही सोय उरली नव्हती.