पहिला कोण उठला

रविवार, २५ जानेवारी, सकाळी साडेनऊ. आमच्या गावच्या हायस्कूलचा व्हरांडा.

हजर: अध्यक्ष (साखर कारखान्यातून निवृत्त), मुख्याध्यापक, रंगारी, आबा म्हणजे माझे वडील, आणि मी, समितीची चिटणीस. गैरहजर: खजिनदार, लग्नाला गेले. उशिरा हजर: अध्यक्षच.

काम एकच होतं. गावातून फौजेत गेलेल्यांच्या नावांचा फलक दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर उघडायचा होता. मी राहायला कोल्हापुरात, नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, गाव कागल तालुक्यात. तीन महिने दर रविवारी येऊन मी घरोघरून नावं गोळा केली होती. नाव, पलटण, भरतीचं साल, हयात की नाही. रंगाऱ्यानं फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. आता फक्त शेवटची नजर टाकायची होती.

सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आबांची ओळ होती: ‘एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या मोर्चावर पहिली झेप घेणारे’ आणि पुढे त्यांचं नाव. वाक्य माझं होतं.

आबांनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवत ती ओळ वाचली आणि म्हणाले, “ह्यातलं ‘पहिली’ खोडा.”

अध्यक्ष हसले. आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. “मेजर, ह्या वयात लाजताय व्हय?”

“लाजतोय कशाला? मी पहिला न्हवतो. पहिला गडहिंग्लजकडचा उठला. मी दुसरा.”

“मग दुसरी झेप लिवू काय?” रंगाऱ्यानं खरंच ब्रश उचलून विचारलं.

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. आबांनी पहिली झेप घेतली हे मी लहानपणापासून सांगत आले आहे. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत मी याच विषयावर बोलले होते, ‘माझे आबा सिंहासारखे उठले’. बक्षीस मिळालं होतं. आबा तेव्हा सुट्टीवर आलेले, पहिल्या रांगेत बसलेले. मी सिंहापर्यंत पोचले तेव्हा ते उठून पाणी प्यायला गेले आणि परत आलेच नाहीत. तुझ्या बापाला गर्दी आवडत नाही, असं आई म्हणाली. मीही तसंच धरून चालले.

त्या रविवारी आबांनी सगळं सांगितलं. दहा मिनिटंही लागली नसतील.

उजाडायच्या आधीपासून ते भाताच्या खाचरात बांधाआड पडून होते. कापणी झालेली, पण माती ओली, पोटापर्यंत भिजलेले. समोर दोनशे पावलांवर मशीनगनचा मोर्चा. साहेब शिट्टी मारणार आणि मग सगळ्यांनी एकदम उठायचं, असं ठरलेलं. आबांच्या उजव्या हाताला गडहिंग्लजकडचा, अंगानं पैलवान. भरती झाल्या दिवसापासून दोघांची चुरस. जेवायला बसले की जास्त रोट्या कोण खातो, आणि चालायला निघाले की मागं कोण राहतो. तो म्हणायचा, कागलवाले बोलण्यात पुढं. आबा म्हणायचे, गडहिंग्लजवाले ताटावर पुढं.

“उजाडलं आन् त्यो उठला,” आबा म्हणाले. “शिट्टी न्हाय, काय न्हाय. मला वाटलं, ह्यो निघाला. गडहिंग्लजचा निघालाय आन् मी आडवा पडलोय. मी उठलो. मी उठलेला बघून आपल्याकडचे चौघं उठले. मग सगळी प्लाटूनच उठली. मागं कोण ऱ्हातंय?”

“आणि शिट्टी?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“साहेबानं नंतर मारली. रिपोर्टात आधी लिवली.”

“पण तो आधी का उठला?” हे मी विचारलं.

“पळता पळता मीबी तेच इचारलं. म्हटलं, शिट्टी कवा झाली रं? तर वरडून म्हणतोय, शिट्टी कसली, पोटरीत गोळा आलाय!”

रंगारी फस्सकन हसला आणि लगेच तोंडावर हात धरला. आबांनी त्याला हसू दिलं.

“पाय सरळ करायला उठलाता त्यो. पुन्ना खाली बसणार हुता. पण बघतोय तर सगळे उठलेत. मग बसता येतंय व्हय? लंगडत लंगडत पळाला, आन् शेवटापतोर माझ्या फुडंच हुता.”

“पण आबा, तुम्हाला तर आडवं पडता आलं असतं,” मी म्हणाले.

“पडायला काय लागतंय? पण मागनं आपली पोरं यायली हुती, तेंच्या तोंडाकडं बघायला लागलं असतं. आन् पुढच्या सुट्टीला मी घरी पोचायच्या आधी ती गोष्ट कागलच्या स्टँडवर पोचली असती.”

मग त्यांनी फलकाच्या सातव्या आणि आठव्या ओळीवर बोट ठेवलं. “चौघातली ही दोघं तिथंच राहिली. माझ्या मागनं उठलेली. तू लिवलंयस पहिला. पहिला म्हणजे ठरवून उठलेला. मी काय ठरवलं न्हवतं, बाळ. ह्या दोघांच्या वर बसून मी खोटं मिरवू व्हय?”

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणंही मला तेव्हा निम्मं पटलं होतं. ते म्हणाले, “मेजर, गावची पोरं रोज पहाटे भरतीसाठी रस्त्यावर पळत्यात. तेंना काय सांगायचं, गोळा आला म्हणून लढाई जिंकली?”

“त्येच सांगायचं. न्हायतर तिथं गेल्यावर छातीत देश हुडकत बसतील. त्या टायमाला त्यो घावत न्हाय. मग तेंना वाटंल, आपणच तेवढं भ्याड.”

यावर अध्यक्षांनी तडजोड काढली. ‘पहिली’ खोडू, पण गडहिंग्लजच्या माणसाचं नाव घालायचं नाही. फलक आपल्या गावाचा आहे. आबा म्हणाले, मग माझंबी काढा.

“ताई, तुम्हीच सांगा ह्यांना,” अध्यक्ष माझ्याकडे वळले. “वाक्य तुमचं हाय.”

वाक्य माझं होतं, म्हणूनच ते खोडणंही माझंच काम होतं. मी रंगाऱ्याला सांगितलं, “ती ओळ पांढरी करा. नव्यानं लिहा, ‘शत्रूच्या मोर्चावर धावून गेलेले’. खाली पहिली जागा गडहिंग्लजच्या माणसाची. दुसरी आबांची.”

“असं कसं? ठराव लागंल!”

“मांडते. चिटणीस म्हणून मांडते. अनुमोदन?”

मुख्याध्यापकांनी हात वर केला, खांद्यापर्यंतच, पण केला. रंगारी म्हणाला, “मी समितीत न्हाय, पण डबा उघडलाय.”

“उद्या पावणं येणार हायत, ताई. काय म्हणतील?” अध्यक्षांनी विचारलं.

“पाहुण्यांच्या चहाची सोय केली आहे. बाकी ते काय म्हणतात ते त्यांनी चहाबरोबर म्हणावं.”

अध्यक्ष चपला घालून निघून गेले. मी इतिवृत्तात लिहिलं: ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर.

ओळ पांढरी झाली, नवी लिहून झाली. नावाची वेळ आली तेव्हा आबांनी रंगाऱ्याचा हात धरला. “थांब. तेच्या बायकूला इचारल्याशिवाय न्हाय.”

तो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला. आबा बाराव्याला गेले होते. तिथं त्याची बायको सगळ्यांदेखत म्हणाली होती, “आमचं मालक शिट्टी व्हायच्या आधीच निघालते. तेंना धीरच धरवला न्हाय.” तिच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त गोळा नव्हता.

“नाव लागलं की कोण तरी इचारणार, ह्यो पावणा कोण, आन् गोष्ट निघणार,” आबा मला म्हणाले. “ती आधी आपल्या तोंडनं तिच्या कानावर जाऊ दे.”

म्हणून दुसऱ्या दिवशी फलक उघडला तेव्हा आबांच्या नावाच्या वर एक पांढरी पट्टी होती. लोक कुजबुजले. अध्यक्षांनी माइकवर सांगितलं, रंगाऱ्याला वेळ पुरला नाही. आबा न बोलावता उठले, त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, “वेळ पुरला हुता. ती जागा रिकामी न्हाय. तिथं माणूस हाय.” आणि खाली बसले. टाळ्या कधी वाजवायच्या हे कुणाला कळलं नाही.

त्यानंतर अध्यक्षांनी दोनदा निरोप पाठवला, पट्टीवर एखादं सुविचाराचं वाक्य टाकू. दोन्ही वेळा मी नाही म्हणून कळवलं. फलक बघायला येणारे आता सगळ्यात आधी पट्टीबद्दलच विचारतात, हे त्यांना खटकतं. मला नाही खटकत. विचारू देत. ही हकिगत लिहितानाही मी एकही नाव लिहिलेलं नाही, तेही ती बाई काय म्हणते हे अजून माहीत नाही म्हणूनच.

फलकानंतरच्या कामांची यादी मी सत्तावीस जानेवारीला केली. आभाराची पत्रं, झाली. फोटो मुख्याध्यापकांना, दिले. इतिवृत्तावर अध्यक्षांची सही, मिळाली, तीन फेऱ्यांनंतर, खाली ‘विरोध नोंदवून’ असं लिहून. चौथं काम, गडहिंग्लजला फोन करणे. नंबर मिळाला. एकदा लावलाही. “कोण बोलतंय?” म्हणून बाईमाणसाचा दमदार आवाज आला आणि मी, जी सभेत ठराव मांडते, ती फोन ठेवून बसले. जी बाई नवऱ्याचं धाडस उराशी धरून राहिली, तिला पोटरीची गोष्ट फोनवर सांगायची नसते.

तेव्हा चौथं काम खोडून नव्यानं लिहिलं आहे: गडहिंग्लजला जाणे, समोर बसून सांगणे, मग विचारणे. बरोबर आबा. तारीख अजून घातलेली नाही.