कौलांवरचा जोडा

तुर्कस्तानातल्या सफ्रानबोलूच्या जुन्या बाजारात जोडे शिवणारा रिफ्की उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, एकटाच उरला होता. बाकी दुकानांत साबण आणि मिठाई. पर्यटक दारात उभे राहून त्याचे फोटो काढत. त्याची नजर गेल्यात जमा आहे, हे फोटोत दिसत नसे.

त्याच्या बायकोला, नझ्मियेला, ते दोन वर्षं ठाऊक होतं. तिथला जोडा उलटा शिवून, ओला करून सुलटा करतात. शिवण आत जाते. सुलटा करायचं काम लग्नापासून तिचंच. टाके हुकायला लागले तशी ती गुपचूप सगळं उसवायची, पुन्हा शिवायची. त्याला सांगायचं कशाला? आरीशिवाय ज्याला काही येत नाही, त्याच्या हातातून आरी काढली तर उरतं काय?

मार्चमध्ये वेहबीचा नवा जोड शिवायला आला. वेहबी रिफ्कीचा लहानपणापासूनचा दोस्त. उजवा जोडा तिने नव्याने शिवला आणि तापाने अंथरूण धरलं.

"पडून राहा. मला हात नाहीत का?" म्हणत रिफ्कीने डावा स्वतःच सुलटा केला.

महिन्याभरात वेहबी दारात हजर. मनगट प्लास्टरमध्ये, काखेत दोन्ही जोडे.

"अरे आंधळ्या, उतारावर डाव्याचा तळ निघाला की! जोडा शिवलास की पिशवी?"

रिफ्की हसला. मग त्याने दोन्ही जोडे उलटे केले आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"नझ्मिये, उजवा कोणी शिवला?"

"तुम्हीच की."

"माझा टाका तिरका पडतो. हा सरळ आहे." तो थांबला. "असे किती जोड, गं?"

ती जोडे पुन्हा सुलटे करायला लागली.

"जाऊ दे रे," वेहबी म्हणाला, "यापुढे वहिनींचे जोडे घालीन!"

रिफ्कीने डावा जोडा ठेवून घेतला.

पूर्वी वाईट जोडा शिवला की बाजारातले वडीलधारे तो कारागिराच्याच दुकानाच्या छपरावर फेकत. सगळ्यांना कळायचं. ते वडीलधारे केव्हाच मातीआड गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नझ्मियेने दुकानामागच्या घराच्या माडीची खिडकी उघडली, तर खाली त्यांच्याच दुकानाच्या कौलांवर वेहबीचा डावा जोडा पडलेला.

ती त्याच्यासाठी केलेल्या गरम सुपाचा डबा घेऊन तशीच खाली गेली. रिफ्की दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"कोणासाठी फेकलात तो जोडा वर? बाजार आहे कुठे आता? साबणवाल्यांना काय कळतंय!"

"तुला तर कळतं."

"मला दोन वर्षांपासून कळतंय."

"तेच तर," तो म्हणाला. डब्याकडे न बघता उठला, दार ओढलं आणि कुलूप लावायला लागला. किल्लीचं भोक त्याला सापडेना. ती शेजारीच उभी होती. या खेपेला तिने हात पुढे केला नाही.